नवव्या अंकाची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक संख्या आहे. पनवेलजवळ करंजाड्यात, मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एक पिवळं रो-हाउस लागतं. त्याच्या कुंपणभिंतीवर माझं बिऱ्हाड आहे. माझं वय विचारू नका. संख्यांना जन्म नसतो. माणसं बोटांवर मोजायला शिकली, त्याच्याही आधीपासून मी आहेच. पण कुणी लिहीपर्यंत संख्येला राहायला जागा नसते. मला ती मिळाली कृष्णकांत सरांच्या भिंतीवर, आणि तीही एकदम नाही. वर्षाला एक अंक, अशी मी हळूहळू या भिंतीवर उतरले.

माझं पूर्ण नाव सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. अंकांत लिहायचं तर ७३९३९१३३. आज भिंतीपाशी याल तर मी एवढी दिसणार नाही. का दिसणार नाही, ते पुढे सांगेन. पण मला खरी हुरहूर लागली आहे ती माझ्या गेलेल्या अंकांची नाही. जो अंक मला कधी लागलाच नाही, त्याची आहे.

कृष्णकांत सर शाळेतून निवृत्त झाले आणि करंजाड्यात राहायला आले. तेव्हा इथे अर्ध्या इमारती उभ्या होत्या आणि अर्ध्या जागांवर खड्डे होते. दिवसभर डंपर जायचे, संध्याकाळी धूळ खाली बसायची, आणि धूळ बसली की सरांच्या अंगणात मुलं जमायची. सर गणित शिकवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. एकच अट होती, उत्तर विचारायचं नाही. कुणी विचारलंच तर सर चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणायचे, "शोध."

पहिल्या वर्षी त्यांनी मुलांसमोर फरशीचे बारा तुकडे ठेवले. म्हणाले, "सारख्या ओळी लावा." कुणी चार-चारच्या तीन ओळी लावल्या, कुणी सहा-सहाच्या दोन. मग त्यांनी पाच तुकडे उचलून घेतले. "आता सात उरले. लावा." मुलांनी खूप खटपट केली. दोन-दोन लावले तर एक तुकडा एकटा उरला. तीन-तीन लावले तरी एक उरलाच. शेवटी सातही तुकडे एकाच लांब ओळीत बसले. दुसऱ्या कोणत्याच पद्धतीने ते सारख्या ओळींत बसेनात.

"हिला मूळ संख्या म्हणतात," सर म्हणाले. "हिला एकचा भाग जातो आणि तिचा स्वतःचा जातो. बाकी कुणाचा जात नाही. ही तुटत नाही."

तेव्हापासून त्या अंगणात 'तुटणे' हा शब्द रुळला. नि:शेष भाग गेला की संख्या तुटली. नाही गेला की टिकली.

मग सरांनी भिंतीवर डाव्या टोकाला ओलं सिमेंट लावलं, आणि त्या वर्षीच्या मुलांनी पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांनी तिथे ७ काढला. तो माझा पहिला अंक. सर म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या मुलांनी याच्या उजवीकडे एक अंक जोडायचा. पण असा, की नवी संख्याही तुटता कामा नये."

अशी त्या अंगणाची रीत पडली. परीक्षा संपली की सुट्टीत अंक शोधायचा आणि जूनच्या आधी भिंतीवर बसवायचा. तुकडे मुलांनी घरून आणायचे. दुसऱ्या वर्षीच्या मुलांनी हिरव्या बांगड्यांच्या काचांचा ३ लावला आणि मी ७३ झाले. तिसऱ्या वर्षी फुटक्या कपबशांचा ९ आला, मी ७३९ झाले. चौथ्या वर्षी पुन्हा ३.

पाचव्या वर्षाची गोष्ट सांगते. मुलांना वाटलं, ७ चालतोय. ७३९३७. बरेच भाग देऊन झाले, एकही जाईना. सिमेंट कालवलं, सात अर्धा लावूनही झाला, आणि तेवढ्यात एक मुलगी धावत आली. "थांबा, थांबा! एकशे सात! एकशे सातने तुटते!" १०७ गुणिले ६९१, बरोबर ७३९३७. मुलांनी हसत हसत ओला सात खरवडून काढला आणि तिथे ९ लावला. सरांनी त्या मुलीला सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून शाबासकी दिली. संख्या तुटल्याचा एवढा आनंद मी तेव्हाच पाहिला.

सहाव्या वर्षी तर भांडण झालं. माझ्या पुढे १ लावा, ३ लावा, ७ लावा की ९ लावा, चारही चालत होते! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि १ निघाला. मुलांना कळलं नाही, पण त्या चिठ्ठीने माझं आयुष्य वाढवलं. ७ किंवा ९ निघाला असता तर मी तिथेच थांबले असते, कारण त्यांच्यापुढे कोणताच अंक टिकत नाही. ३ निघाला असता तर एकच अंक आणखी मिळाला असता. १ निघाला म्हणून सातव्या वर्षी ३ आला, आठव्या वर्षी आणखी एक ३ आला, आणि मी ७३९३९१३३ झाले.

आठव्या वर्षीचं काम सोपं नव्हतं. पण एक सोय होती. एखादी संख्या दोन भाजकांच्या जोडीत तुटत असेल, तर त्या जोडीतला लहान भाजक त्या संख्येच्या वर्गमुळाच्या पुढे जात नाही. शिवाय भाग फक्त मूळ संख्यांनी देऊन पाहिला की पुरतो. तरीही माझ्यासाठी साडेआठ हजारांच्या पुढपर्यंत जावं लागलं. मुलांनी मूळ संख्या आपसांत वाटून घेतल्या. कुणाच्या वाट्याला तीस, कुणाच्या चाळीस. सगळं हाताने. सरांच्या अंगणात कॅल्क्युलेटरला बंदी होती.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. रिक्षावाले 'नंबरवाली भिंत' म्हणून पत्ता सांगायचे. रविवारी मुलं आईवडिलांना घेऊन यायची आणि आपापल्या अंकावर हात ठेवून फोटो काढायची. माझी खरी गंमतही ती पाहुण्यांना दाखवायची. शेवटचा अंक तळव्याने झाकायचा, तर उरलेली संख्याही मूळ. आणखी एक झाका, तरी मूळ. एकेक झाकत सातपर्यंत या, मी कुठेच तुटत नाही. माझ्या शेवटच्या ३ नंतर, गेटच्या खांबापर्यंत, भिंतीचा एक कोरा तुकडा उरला होता. नवव्या वर्षाचा अंक तिथे बसायचा होता.

नवव्या वर्षी रोशनी आली.

रोशनी उरणच्या खाडीकाठची. तिची आई शांती पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. शाळा बरी म्हणून रोशनीला करंजाड्यात मावशीकडे ठेवलं होतं. त्या वर्षी अंगणात मुलं थोडीच होती, कारण चौकात एसी लावलेला मोठा क्लास निघाला होता. सुट्टी लागली तशी उरलेलीही पांगली. आठव्या वर्षीचा प्रितेश सायकल भिंतीला टेकवून रोज चिडवायचा.

"नववी बॅच, नंबर नाय! तुमची जागा कोरीच राहणार बघ."

"तुला काय करायचंय रे? तुझा तीन तर चाळीस जणांनी मिळून शोधला. मी एकटी शोधणार."

"एकटी? मग म्हातारी होशील."

"होईन. पण नंबर लावून होईन."

ती खरंच कामाला लागली. अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूने भागाकार मांडायची, तपासायची, पाणी ओतून पुसायची, पुन्हा मांडायची. माझ्यापुढे सम अंक लावून उपयोग नाही, दोनने तुटणार, हे तिला ठाऊक होतं. पाच लावला तर पाचने तुटणार. म्हणजे १, ३, ७ आणि ९ एवढेच उरले.

दुसऱ्याच दिवशी ती सरांकडे आली. "सर, एक आणि सात गेले. तीननेच गेले."

"कशावरून?"

"भिंतीवरच्या अंकांची बेरीज अडतीस. एक मिळवला की एकोणचाळीस, सात मिळवला की पंचेचाळीस. दोन्हींना तीनने भाग जातो. भागाकार मांडायलाच लागला नाय."

सर हसले. मग कितीतरी दिवसांनी ती तळव्यांना खडू माखून उभी राहिली. "सर, तीन पण गेला. एकशे सत्तावीसने."

मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. १२७ गुणिले ५८२१९७९, म्हणजे ७३९३९१३३३. एका मुलीने हे एकटीने, फरशीवर शोधलं होतं. मला वाटलं, आता सर टाळ्या वाजवतील. पण अंगणात टाळ्या ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, आणि सर फक्त म्हणाले, "बरं. आता?"

"आता नऊ उरला."

तिने नऊ घेतला. दिवसामागून दिवस ती मूळ संख्यांनी भाग देत गेली. शंभर ओलांडले, पाचशे ओलांडले, हजारापर्यंत पोचली. एकही भाग जाईना. दर वेळी काही ना काही बाकी उरायचीच. वर्गमुळापर्यंत जावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ठरवलं की नऊ टिकला. आईला सांगून तिने खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांचे शिंपले मागवले. शांतीने ते धुऊन, वाळवून पिशवीभर पाठवले. रोशनीने भिंतीच्या पायथ्याशी शिंपल्यांचा ९ मांडून पाहिला. उन्हात तो इतका सुंदर चमकत होता! मला आठवतं, मी मनाशी म्हटलं, हा अंक माझ्या अंगावर यावा.

पण मला ठाऊक होतं, तो येणार नाही. माझ्यापुढे कोणताच अंक टिकत नाही. नऊही तुटतो. फक्त तो हजाराच्या आत तुटत नाही. त्याला तोडणारी संख्या आणखी पुढे बसली आहे. अशी एकेक अंकाने वाढणारी साखळी कोणत्याही एकअंकी मूळ संख्येपासून सुरू केली, तरी ती आठ अंकांच्या पुढे जात नाही. नवव्या वर्षी जो कुणी येणार होता, त्याची जागा कोरीच राहणार होती. हा माझा स्वभाव आहे. त्यात कुणाचाच दोष नाही.

सरांनाही ते ठाऊक होतं. त्यांचा मुलगा विश्वजीत कॉम्प्युटरवर काम करायचा. त्याने एका क्षणात पाहून सांगितलं होतं, "बाबा, संपली तुमची साखळी. नऊपण तुटतो." त्या दिवशी सर बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले होते. मला वाटतं, त्यांनी मनात ठरवलं, की 'पुढे अंकच नाही' हे मुलांनी स्वतः शोधावं. अंक मिळणं जेवढं मोठं, तेवढंच तो नाही हे कळणंही मोठं. त्यांचा विचार चांगला होता. म्हणूनच मला अजून वाईट वाटतं.

रोशनीने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. "सर, बघा. नऊ. सिमेंट कधी कालवायचं?"

सरांनी शिंपल्यांकडे पाहिलं. "नऊ तुटतो."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कारण तिला ते पटकन कळलंच नाही. "नाय सर. मी हजारापर्यंत दिले भाग. सगळे. माझं कुठे चुकलं?"

इथेच, मित्रांनो, इथे एकच वाक्य हवं होतं. 'तुझं काहीच चुकलेलं नाही, फक्त अजून पुढे जायचं आहे.' एवढंच. हे काही उत्तर सांगणं नव्हतं. पण सरांच्या जिभेला एकाच शब्दाची सवय होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "कुठे चुकलं ते शोध."

आणि ते आत गेले.

तिने शोधलं. पुन्हा दोनपासून सुरुवात केली. पुन्हा सगळे भागाकार, पुन्हा हजारापर्यंत. जी चूक नव्हतीच ती शोधत ती फरशीवर वाकून बसायची. आधी ती भागाकार गुणगुणत करायची. आता तिचा आवाज येत नव्हता. चूक सापडेना, तेव्हा तिने मान्य केलं ते एवढंच, की आपल्याला आपली चूकसुद्धा सापडत नाही. एका सकाळी प्रितेश म्हणाला, "काय गं, झाली का म्हातारी?" तिने वर पाहिलं नाही. शिंपले पिशवीत भरले, पिशवी माझ्या पायथ्याशी ठेवली, हात झटकले आणि गेली.

भिंतीला हात नसतात, नाहीतर मी तिला थांबवलं असतं. माझ्यापुढे अंक लागत नाही हा माझा गुण, पण त्याचा कमीपणा त्या मुलीने स्वतःकडे घेतला.

शाळा सुरू झाली तरी ती अंगणात आली नाही. पुढे कळलं, ती खाडीकाठी आपल्या घरी परत गेली. तेव्हा सर पनवेलच्या मासळी बाजारात गेले. ते तिथे काय बोलले हे मला कसं कळलं, असं विचाराल. सरांनी ते कितीतरी वर्षांनी, इथेच माझ्यासमोर खुर्ची टाकून, आपल्या नातीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"सर, तुमी? बसा, बसा. त्या डब्याव बसा, खाली वलं हाय," शांती म्हणाली होती.

"शांतीबाई, रोशनी का येत नाही?"

शांतीने हातातलं पापलेट बाजूला ठेवलं. "ती बोलते, आई, मना गणित येत नाय. मी बोलले, अगो, येवरे दिस तर खडू नि खडूच करत होतीस. तर रडली."

"तिला सांगा, तिचं काहीच चुकलं नव्हतं. एकही भागाकार चुकला नव्हता. फक्त अजून पुढे जायचं होतं."

शांती त्यांच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "सांगन मी. पन सर, तुमी तवाच कां नाय बोललाव?"

शांतीने त्यांना रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही, बोंबील बांधून दिले.

निरोप पोचला असेलही. पण ज्याने तोंडावर 'चुकलं' म्हटलं, त्याने मागून पाठवलेला 'चुकलं नाही' हा शब्द मुलांच्या मनात तेवढा खोल जात नाही. रोशनी आली नाही.

त्यानंतर भिंतीवर अंक लागले नाहीत. मुलं कमी होत गेली आणि एका वर्षी अंगण रिकामंच राहिलं. माझ्या फटींत धूळ बसली, बांगड्यांच्या काचा निखळल्या, कुणीतरी माझ्या नऊवर ट्युशनची जाहिरात चिकटवली. रिक्षावालेही आता नव्या मॉलचं नाव सांगतात. फक्त एक गोष्ट सर दर दिवाळीला न चुकता करायचे. माझ्या उजवीकडचा कोरा तुकडा स्वतः पांढऱ्या चुन्याने रंगवायचे. विश्वजीत म्हणायचा, "अहो बाबा, रंगवायचं तर अख्खी भिंत रंगवू. एवढाच तुकडा काय?" सर म्हणायचे, "एवढाच." शिंपल्यांची पिशवी त्यांनी प्लॅस्टिकच्या बरणीत रिकामी केली आणि बरणी दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवली. ती तिथेच राहिली.

गेल्या वर्षी विश्वजीतने मोठी गाडी घेतली.

"बाबा, गेट वाढवल्याशिवाय गाडी आत येत नाही. रस्त्यावर लावली की कुणी ना कुणी घासून जातं."

"पलीकडच्या बाजूने वाढव."

"पलीकडे पाण्याची टाकी आहे. सॉरी बाबा, संख्येच्या बाजूनेच घ्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. पहिला घाव बसला तो कोऱ्या तुकड्यावर. जी जागा इतकी वर्षं राखून ठेवली, ती सगळ्यांत आधी गेली. मग माझा शेवटचा ३ गेला, मग त्याच्या आधीचा ३. विश्वजीतची मुलगी इरा तेव्हा चौथीत होती. ती आजोबांचा सदरा ओढत ओरडू लागली, "आजोबा, थांबवा ना त्यांना! तुमची संख्या तुटली!"

सर खाली बसले, तिच्या उंचीला आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता म्हणतील, "शोध." पण त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला.

"नाही बाळा. बघ, आता ही ७३९३९१ झाली. हीसुद्धा मूळ संख्या आहे. अजून एक अंक गेला तरी उरलेली मूळच. नुसता सात उरला तरी मूळच. ही तुटत नाही. तुला दाखवतो कसं, ये." आणि त्यांनी कट्ट्यावरची बरणी उघडून सात शिंपले काढले, तिच्यासोबत ओळी लावत बसले, आणि ती अडली तिथे प्रत्येक वेळी सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी तिला रोशनीची गोष्ट सांगितली.

इराने विचारलं, "मग ती ताई परत आलीच नाही?"

"नाही."

पण ती आली, मित्रांनो. आत्ता काही महिन्यांपूर्वी. एका दुपारी स्कूटर थांबली. अंगावर नारिंगी जॅकेट, गळ्यात ओळखपत्र. आता ती बंदराजवळच्या एका यार्डात कंटेनरचे नंबर तपासण्याचं काम करते. ती गेटसमोर उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी अर्धवट झाले होते तरी तिने मला ओळखलं.

"सर आहेत का?"

सर बाहेर आले. आता त्यांना जरा कमी दिसतं. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं. तिची नजर कट्ट्यावर गेली.

"हे शिंपले अजून ठेवलेत तुम्ही?"

"ठेवले. जागा मात्र राखता आली नाही." मग ते म्हणाले, "रोशनी, चूक तुझी नव्हती. माझी होती. मी तेव्हा बोललो नाही."

"आईने सांगितलं होतं. मला वाटलं, बरं वाटावं म्हणून बोलले असतील." ती हसली, पण ते हसू काही फार वेळ टिकलं नाही. "दहावीनंतर मी गणित सोडलं, सर. आमच्या कामात कंटेनरच्या नंबराचा शेवटचा अंक आधीच्या अक्षरांवरून आणि अंकांवरून ठरलेला असतो. तो जुळला नाही की कंटेनर अडवायचा. रोज तो अंक बघते आणि रोज मला माझा नऊ आठवतो."

इराने मध्येच विचारलं, "मग मोबाइलवर का नाही बघितला, ताई? तो लगेच सांगेल ना, नऊ कशाने तुटतो."

"सांगेल गं. म्हणून तर नाही बघितला. तो तोडेल, मला तोडायचा होता."

सरांनी खिसा चाचपला. खिशात खडू नव्हता. इराने धावत जाऊन आणला. रोशनी जॅकेट सावरून फरशीवर बसली, अगदी पूर्वी बसायची तशी. हजारानंतरची पहिली मूळ संख्या १००९. तिने ७३९३९१३३९ मांडला आणि भाग दिला. पायऱ्या ती मोठ्याने म्हणत होती. सर शेजारी उकिडवे बसले आणि दर पायरीला म्हणत राहिले, "बरोबर. बरोबर. इथपर्यंत बरोबर."

"बाकी एकशे पंच्याहत्तर," ती म्हणाली. "नाही तुटली."

"पुढची घे."

१०१३ ने बाकी ६१३ उरली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. यार्डात पाळी सुरू व्हायची होती. ती उठली, हात झटकले, पण या वेळी जाताना मागे वळून पाहिलं. "येते सर. रविवारी जमलं तर येईन."

अजून तिला जमलेलं नाही. तिच्या पाळ्या बदलत असतात, आणि सर दर रविवारी खडू खिशात ठेवून दाराशी बसतात. त्यांना भागाकार आता नीट दिसत नाही. मला दिसतो, पण मला सांगता येत नाही.

मित्रांनो, जुन्या भिंतीला जपा, असं मी म्हणणार नाही. भिंत गेली तरी मी राहीनच. मी तुटणारी नाही. पण मुलं तुटतात. कुणी अर्धवट भागाकार घेऊन तुमच्याकडे आलं, तर ते कुठे थांबलं आहे हे बघण्याआधी ते कुठपर्यंत बरोबर आलं आहे ते बघा, आणि ते त्याला तिथल्या तिथे सांगा. आणि तुमच्यापैकी कुणाला वेळ असेल, तर एक काम करा. नऊ तुटतो, माझ्यावर विश्वास ठेवा. हजारापर्यंत रोशनीने बघून झालं आहे, १००९ आणि १०१३ही झाले आहेत. पुढची मूळ संख्या १०१९. तिथून सुरू करा.